जांभ्याखालची काळी लाकडं: विहिरीत लागलेल्या वनस्पती-जीवाश्मांचं एक प्रकरण

दक्षिण कोकणात देवगड-मालवणच्या पट्ट्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, विहीर खोदायची तर आधी जांभा फोडावा लागतो. जांभा संपला की मऊ, पांढुरकी किंवा जांभळट माती लागते. बहुतेक ठिकाणी त्याखाली कुजका कातळ येतो आणि पाणी लागतं. काही ठिकाणी मात्र या दोहोंच्या मध्ये वाळू, ठिसूळ वालुकाश्म, राखाडी चिकणमाती आणि काळ्या लाकडाचा थर निघतो. इथे अशाच एका विहिरीचं प्रकरण मांडलं आहे. खोली आणि जाडीचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. थरांचा क्रम, लाकडाचं वागणं आणि होणाऱ्या चुका मात्र कोकणातल्या या थरांना लागू पडतात.

विहीर ४ मीटर व्यासाची, एप्रिलअखेरीची. कामावर ब्रेकर, यारी (माल वर ओढायची क्रेन) आणि पाच गडी. वरून खाली पुढीलप्रमाणे थर लागले. पहिले ९ मीटर जांभा, त्यातला वरचा भाग चिऱ्यासारखा घट्ट. ९ ते १२.८ मीटर तांबूस-पांढरी माती. १२.८ ते १३.७ मीटर स्वच्छ गारेच्या कणांची वाळूमिश्रित माती. १३.७ ते १४.५ मीटर भुरकट वालुकाश्म, हाताने चुरडला जाईल इतका कच्चा, त्यात पानांचे तांबूस ठसे. १४.५ ते १५.१ मीटर राखाडी चिकणमाती, पानांनी भरलेली. १५.१ ते १५.५ मीटर लिग्नाइट (कच्चा, तपकिरी कोळसा) आणि त्यात आडवं पडलेलं खोड. १५.५ ते १६ मीटर निळसर माती, तळाशी गोटे. त्याखाली कुजका कातळ.

म्हणजे अवसादी, गाळ साचून झालेला, थर ३.२ मीटरचा. या व्यासाच्या विहिरीत तो सुमारे ४० घनमीटर भरतो. हे ४० घनमीटर दोन-तीन दिवसांत वर येऊन एका ढिगात मिसळले, की कुठलं पान कुठल्या थरातलं हे कुणालाही सांगता येत नाही.

हे नेमकं काय आहे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या या थरांची नोंद जुनी आहे. भूवैज्ञानिक विल्किन्सन यांनी १८७१ मध्ये दक्षिण कोकणच्या भूरचनेचं वर्णन छापलं. पुढे हे थर 'रत्नागिरी बेड्स' या नावाने ओळखले गेले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या सक्सेना आणि मिश्रा यांनी १९९० च्या आसपास सिंधुदुर्गातल्या थरांमधले परागकण आणि बीजाणू अभ्यासले, आणि आता या थरांना 'सिंधुदुर्ग फॉर्मेशन' म्हणतात. वय मायोसीन, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडातलं. नेचांचे बीजाणू, ताडवर्गीय झाडांचे आणि खारफुटीचे परागकण, बुरशीचे भरपूर अवशेष हा त्यातला मालमसाला. उष्ण, दमट, किनाऱ्यालगतची पाणथळ जागा त्यातून दिसते. खाडीच्या तोंडाशी आजही गाळात पानं आणि काटक्या पुरल्या जातात, तसंच काहीसं.

महाराष्ट्रात वनस्पती-जीवाश्म म्हटलं की विदर्भातला कामठीचा वालुकाश्म आठवतो. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी नागपूर भागातून गोळा केलेली पानं ब्रिटिश अभ्यासक बनबरी यांनी १८६१ मध्ये वर्णन केली. त्यातलं ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीचं जिभेसारखं पान आणि त्याच्या शिरांची जाळी पाठ्यपुस्तकातून सगळ्यांच्या ओळखीची आहे. ते पान दगडात पक्कं बसलेलं असतं. पिशवीत घालून घरी नेलं तरी वर्षानुवर्षं तसंच राहतं. कोकणातल्या माणसाच्या मनातही जीवाश्माची हीच प्रतिमा असते, आणि इथला घोटाळा तिथूनच सुरू होतो. कोकणातलं पान आणि लाकूड दगड झालेलं नाही. ते जमिनीखालच्या पाण्यात, हवेवाचून, मऊ अवस्थेत टिकून राहिलं आहे. पाणी गेलं की तेही जातं.

वरच्या जांभ्यात पान का सापडत नाही, हेही याच गोष्टीशी जोडलेलं आहे. जांभा तयार होताना पावसाचं पाणी आणि हवा खडकातून खेळत राहते, सिलिका आणि क्षार धुऊन जातात, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. त्या हवेत सेंद्रिय पदार्थ जळून गेल्यासारखा नाहीसा होतो. इथे वालुकाश्मातल्या पानांचे फक्त तांबूस ठसे उरले, कारण तो थर सच्छिद्र आहे आणि त्यातून लोहाचं पाणी झिरपलं. दोन हात खालच्या चिकणमातीत त्याच काळातली पानं काळ्या पापुद्र्यासह शाबूत आहेत.

आणखी एक खातरजमा आधीच करावी. जांभ्याखालची प्रत्येक पांढरी माती ही गाळाची नसते. पुष्कळदा ती खालच्याच कातळाची जागच्या जागी कुजून झालेली माती असते, आणि तिच्यात मूळ खडकाच्या भेगा, पट्टे ओळखू येतात. गाळाच्या मातीत वाळूचे कण घासून गोल झालेले असतात, आडवे थर दिसतात, तळाशी गोटे असतात. चिमूटभर माती पाण्यात विरघळवून भिंगाखाली पाहिली तर पाच मिनिटांत कळतं. या विहिरीत १२.८ मीटरला गोल गारेचे कण दिसले, तेव्हाच सावध होता आलं असतं. काळं लाकूड लागेपर्यंत आणखी २.३ मीटर माल ढिगात गेला.

काय बिघडलं

खोडाचे तीन तुकडे पहारीने मोकळे करून यारीने वर आले. सगळ्यात मोठा ४० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर जाड, ओला असताना सुमारे ८ किलो. रंग काळा-तपकिरी, साल ओळखू येईल अशी, पहारीच्या घावावर सुरीने कापता येईल इतका मऊ. दोन तुकडे अंगणात उन्हात ठेवले गेले, 'सुकले की नीट दिसतील' म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना आडव्या-उभ्या भेगा पडल्या, तिसऱ्या दिवशी चौकोनी ढेपळं झाली.

कारण सोपं आहे. अशा लाकडात पेशींच्या भिंतींतला सेल्युलोज बराचसा गेलेला असतो, उरतं ते मुख्यतः लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य), आणि पेशींच्या पोकळीत पाणी. ते पाणीच भिंतींना आधार देतं. पाणी उडताना त्याचा ताण भिंतींवर येतो, त्या मिटतात, आणि बाहेरचा भाग आतल्याच्या आधी आकसल्याने लाकूड फुटतं. एकदा मिटलेली पेशी पुन्हा पाण्यात बुडवून उघडत नाही. म्हणून 'परत भिजवू' हा उपाय उपाय नाही.

तिसऱ्या तुकड्यावर पांढऱ्या गोंदाचा हात फिरवून तो कपाटात ठेवला गेला. गोंद ओल्या लाकडात शिरत नाही, वर पापुद्रा धरतो, आत पाणी अडकतं. पावसाळ्यात त्या पापुद्र्याखाली पांढरट-पिवळी भुकटी फुलून आली आणि माचिसच्या काडीसारखा वास सुटला. हा पायराइटचा रोग. खाऱ्या पाण्याजवळच्या, हवेवाचूनच्या गाळात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं संयुग, बारीक कणांनी लाकडात बसलेलं असतं. हवा आणि दमटपणा मिळाला की त्याचं लोह-सल्फेट आणि गंधकाम्ल होतं. सल्फेटचे स्फटिक मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा घेतात आणि नमुना आतून फोडतात. आम्ल कागदी लेबल आणि खोका खातं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कपाटात ती त्याच्या खाली येतच नाही.

एक तुकडा चुलीत टाकून पाहिला जातोच. कोळसा आहे का, हे बघायला. गंधकाचा वास येतो एवढंच कळतं, आणि नमुना संपतो. लिग्नाइटमध्ये कधी मधासारखे पिवळे राळेचे खडे मिळतात. त्यातला तांदळाएवढा कण जाळला तर धुपासारखा वास येतो. तेवढी परीक्षा पुरेशी आहे, बाकीचे खडे जपावेत.

पहिल्या दोन दिवसांत काय करायला हवं

सगळ्यात आधी माणसं. सल्फाइड असलेल्या काळ्या थरात नव्याने उघडलेली विहीर रात्रभर तशीच राहिली तर तळाला प्राणवायू कमी पडतो, हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. हा वायू जास्त झाला की नाकाला वास कळणं बंद होतं, त्यामुळे 'वास नाही म्हणजे हवा चांगली' हे धोक्याचं अनुमान आहे. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत सेंद्रिय थरात वापरू नये. मिथेन असेल तर भडका उडेल, आणि विषारी वायूचा पत्ता कंदिलाला लागत नाही. भाड्याने मिळणारा वायुमापक दोरीने तळाशी सोडावा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दशलक्षात १० भाग) वर असेल तर कुणी उतरू नये. ब्लोअरने हवा तळापर्यंत नेऊन पुन्हा मोजावं. डिझेल पंप विहिरीत उतरवू नये, त्याचा धूर तळाशी बसतो. एखादा बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. अशा वेळी दुसराही जातो.

मग ढीग. इथे खर्च शून्य आणि फायदा सर्वात मोठा. प्रत्येक थराचा माल वेगळ्या जागी टाकायचा, प्रत्येक ढिगात खोली लिहिलेली काठी रोवायची, वर ताडपत्री घालायची. मे महिन्यात वळिवाची एक सर आली तरी पानांची चिकणमाती धुऊन जाते. खोली नेहमी एकाच बिंदूपासून मोजावी: जांभ्याच्या काठावर रंगाची एक खूण करून तिथून टेप सोडावी. 'साधारण पन्नास फुटांवर' या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

भिंतीवरचे नमुने त्यानंतर. ३.२ मीटरचा थर दर २० सेंटिमीटरला, पण थरांची सीमा न ओलांडता, म्हणजे साधारण १६ नमुने, प्रत्येकी १०० ग्रॅम. सुरुवात खालून करावी, वरची माती खालच्या ताज्या भिंतीवर सांडू नये म्हणून. दर वेळी भिंतीचे बाहेरचे ५ सेंटिमीटर खरवडून टाकावेत, आतली माती घ्यावी, आणि प्रत्येक नमुन्यानंतर सुरी धुऊन पुसावी. आंबा-काजूचा मोहोर एप्रिलपर्यंत सरत आला तरी नारळाचा पराग हवेत असतोच. तो नमुन्यात शिरला तर 'मायोसीनमध्ये नारळ' अशी नोंद होण्याची भीती असते. दुहेरी पिशवी, आतली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई ओलाव्यात पसरते. हे सगळे मिळून दीड किलोच्या आसपास वजन. या विहिरीतून नेण्यासारखं एवढंच उरलं असतं, तरी माझ्या मते शोकेसमधल्या खोडापेक्षा त्याची किंमत जास्त आहे. वय आणि परिसर कळतो तो या पिशव्यांतून.

पानांना ब्रश लावू नये, धुऊ नये. चिकणमातीचं ढेकूळ थराच्या रेषेवर उघडलं की पानाचा काळा पापुद्रा दहा-पंधरा मिनिटांत कडेने सुटायला लागतो. उघडल्या क्षणी, सावलीत, एका बाजूने तिरका उजेड पाडून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा. दोन्ही अर्ध्या भागांना एकच क्रमांक आणि पुढे 'अ' व 'ब'. ढेकूळ किमान ५ सेंटिमीटर जाड ठेवावं आणि लगेच स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळावं. वर्तमानपत्र नको, ते पाणी शोषतं आणि आठवड्यात बुरशी धरतं. वालुकाश्मातले तांबूस ठसे त्यामानाने सोशिक असतात, पण दगडच चुरतो. ते सावलीत सावकाश सुकू द्यावेत, पूर्ण सुकल्यावर पॅरालॉइड बी-७२ (नमुना घट्ट करणारं ॲक्रिलिक रेझिन) चं ॲसिटोनमधलं ५ टक्के द्रावण थेंबाथेंबाने पाजावं. ओल्या नमुन्यावर ते पांढरं पडतं.

मोठं खोड उचलणं हे खरं कौशल्याचं काम. पहार न लावता त्याच्या भोवतीची माती कापून खोड मातीच्या चबुतऱ्यावर उरवायचं. १५ सेंटिमीटरच्या खोडाला २०० मिलिमीटर व्यासाचा, लांबीत मधोमध चिरलेला पीव्हीसी पाइप पाळण्यासारखा चालतो. खोडावर ओल्या टिश्यू पेपरचे दोन थर, वर प्लॅस्टिक फिल्म, मग पाइपचा अर्धा भाग, मधल्या पोकळीत ओला स्पंज. पट्ट्याने बांधून खालून पातळ पत्रा सरकवायचा आणि उलटं करून दुसरा अर्धा बसवायचा. पानांचा मोठा ठोकळा हवा असेल तर प्लास्टरचं कवच करावं: आधी ओला टिश्यू, मग गोणपाटाच्या १० सेंटिमीटर रुंद पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून आडव्या-उभ्या तीन थर. टिश्यू विसरला तर प्लास्टर पानालाच चिकटतं. प्लास्टर, गोणपाट आणि ते कालवायचा सराव असलेले हात, तिन्ही गोष्टी कोकणात गावोगावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, मिळतात. अशा कामात त्या कारागिराला हाक मारणं हा उत्तम सल्ला.

साठवायचं ते त्याच विहिरीच्या पाण्यात, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, काठोकाठ भरून, अंधारात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास ठेवलं तर बुरशी मंदावते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, बर्फ पेशी फोडतो. फळं-बिया ग्लिसरिनमध्ये ठेवण्याची संग्रहालयांची पद्धत आहे, पण निदान निम्मा माल कशाचाही स्पर्श न झालेला ठेवावा. ग्लिसरिन लागलं की रासायनिक तपासणी आणि कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची चाचणी) दोन्ही बिघडतात. पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन भरून खोड टिकवण्याचं काम महिनोन्‌महिने चालतं. ते संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञावर सोडावं.

वय आणि ओळख: कुठे घाई होते

काळं लाकूड दिसलं म्हणून ते मायोसीनचंच, असं नाही. कोकणच्या खाड्या आणि सखल भागात काही हजार ते काही दहा हजार वर्षांपूर्वीचं कोळसलेलं लाकूडही मिळतं, आणि डोळ्यांना ते जवळपास सारखंच दिसतं. इथे निर्णय जागेने होतो. या विहिरीत थर ९ मीटर अखंड जांभ्याखाली आहे, आणि थराचा वरचा भाग स्वतःच जांभा होण्याच्या वाटेवर आहे, म्हणजे गाळ आधी, जांभा नंतर. खाडीकाठी, जांभ्याच्या बाहेर, सैल गाळात सापडलेल्या लाकडाचं मात्र कार्बन-१४ करून घ्यावं. ती पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच पोचते. प्रयोगशाळेने 'मर्यादेपलीकडे' असं उत्तर दिलं तर ते वय नव्हे, ती केवळ खालची हद्द आहे.

लाकडाची जात ठरवायला आडवा, त्रिज्येचा आणि स्पर्शिकेचा असे तीन छेद लागतात. एका छेदावरून, किंवा फोटोवरून, 'सागवान आहे' असं म्हणणं चूक. ताडवर्गीय खोड मात्र नुसत्या भिंगाने ओळखता येतं: आडव्या छेदात वर्तुळं नसतात, ठिपक्यांसारख्या वाहिन्यांच्या जुड्या विखुरलेल्या दिसतात. पानांच्या कडांवरून तापमान काढण्याची एक पद्धत आहे, पण तिला निदान वीसेक वेगवेगळ्या जातींची पानं लागतात. सहा पानांवर हवामान सांगू नये.

एक वेगळीच फसगत इथे जोडून सांगायला हवी, कारण कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून तिची उदाहरणं येतात. तिथला सिलिका वाळूसाठी खणला जाणारा वालुकाश्म कलादगी समूह या अतिप्राचीन खडकांच्या गटातला आहे. त्याच्या फटीत काळ्या नेच्याची सुबक आकृती दिसते आणि ती जीवाश्म म्हणून जपली जाते. तो मँगनीज ऑक्साइडचा पसारा असतो: मधली शीर नाही, फांद्या वाढत्या जाडीच्या नाहीत, आणि आकृती थरावर नसून भेगेच्या पृष्ठावर असते. तो खडक १०० कोटी वर्षांहून जुना, तर जमिनीवरच्या वनस्पती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या दगडात पान असणं शक्यच नाही.

विहिरीचं काय

नमुन्यांसाठी मालकाचं काम आठवडाभर अडवण्याचं कारण नाही. थर वेगळे टाकणं, भिंतीचे नमुने आणि खोड मिळून दोन दिवस पुरतात, आणि तेवढा वेळ मागणं रास्त आहे. कळवायचं कुणाला, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूरचं मध्य विभागीय कार्यालय, पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा लखनौची बिरबल साहनी संस्था. पत्रात अक्षांश-रेखांश, खोलीचा तक्ता, फोटो आणि नमुने ओले ठेवले आहेत हे एक वाक्य. या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लवकर येतं.

विहिरीच्या पाण्याकडे तितकंच लक्ष हवं. लिग्नाइटचा थर हवेला उघडा राहिला तर त्यातलं पायराइट विहिरीतच आम्ल सोडतं. पाण्यावर तांबूस साय, कपड्यांवर डाग, तुरट चव ही लक्षणं. १२.८ ते १६ मीटरच्या पट्ट्यात सांधे सोडून रचलेलं चिऱ्याचं बांधकाम न करता काँक्रीटच्या रिंगा बसवून मागची पोकळी सिमेंटने भरावी, आणि पाणी कुजक्या कातळातून खालून घ्यावं. रिंगा बसल्यावर आठ दिवस उपसा करून मग नमुना तपासायला द्यावा. पिण्यासाठी पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, सल्फेट लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. लोह वेगळं तपासून घ्यावं. पहिला पावसाळा संपल्यावर, पाण्याची पातळी खाली उतरू लागली की, पुन्हा एकदा तपासावं, कारण थर उघडा पडतो तो तेव्हाच.